मागे किती ओळी हव्यात?

टर्मिनलमध्ये वर सरकून किती जुन्या ओळी वाचता येतील, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कॉन्सोलमध्ये 1,000, व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्येही 1,000, टीमक्समध्ये 2,000, गनोम टर्मिनल आणि अलाक्रिटीमध्ये 10,000. मी सीताबर्डीत, मोदी नंबरच्या एका गल्लीत लिनक्स आणि सी++ शिकवतो. हा आकडा आपणहून बदलणारे विद्यार्थी फारच थोडे भेटतात. मिळाला तोच आकडा बहुतेकांचा कायमचा होतो, म्हणून तो विचार करून निवडलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

वर्गात नेहमी घडणारी गोष्ट सांगतो. हेडर फाइलमध्ये एखादा कंस बंद करायचा राहतो. कंपायलर ती चूक दाखवतो आणि मग तिच्यामुळे बिघडलेल्या पुढच्या ओळींवर तक्रारी करत सुटतो. ती हेडर जितक्या फाइलींमध्ये घेतली असेल, तितक्या वेळा हेच. खरी चूक पहिल्याच तक्रारीत असते, आणि 1,000 ओळींच्या टर्मिनलमधून नेमकी तीच निघून गेलेली असते. ‘‘सर, पहिली एरर दिसूनच नाही राहिली,’’ असं म्हणत मुलगी शेवटच्या तक्रारीपासून शोधायला लागते आणि जिथे काहीच चुकलेलं नाही तिथे दुरुस्त्या करून बसते. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो.

मग मर्यादा काढूनच टाकावी का? एका विद्यार्थ्याने गनोम टर्मिनलमध्ये तसं केलं आणि सतत लॉग छापणारा प्रोग्रॅम चालू ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्या यंत्राची डिस्क भरलेली. डीएफ कमांड जागा संपल्याचं सांगत होती, पण ती खाणारी फाइल कुठल्याच फोल्डरमध्ये सापडेना. हे टर्मिनल जुन्या ओळी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं आणि त्या फाइलचं नाव लगेच पुसतं, म्हणून ती दिसत नाही. खिडकी बंद केली तशी जागा मोकळी झाली. दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. आमची यंत्रं सकाळची आणि संध्याकाळची बॅच मिळून वापरते. खिडकी उघडी राहिली, तर आधीच्या मुलाने पडद्यावर छापलेला पासवर्ड पुढच्याला वर सरकून वाचता येतो.

मधला आकडा काढायला, ओळी मेमरीत ठेवणारं टर्मिनल धरून, आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. 80 अक्षरांच्या 10,000 ओळी म्हणजे 8 लाख घरं. अक्षर, रंग वगैरे धरून घराला 16 बाइट मानले, तर होतात सुमारे 13 एमबी. दहा टॅब उघडले तरी 130 एमबीच्या आसपास, म्हणजे 4 जीबीच्या यंत्राला सहज पेलणारं. हेच एक लाख ओळी ठेवल्या तर दहा टॅबना सव्वा जीबीच्या वर लागेल, आणि शेजारी ब्राउझर उघडा असला की यंत्र रखडणारच.

लॅबमध्ये आता सगळीकडे 10,000 आहे. त्याहून लांबणारं आउटपुट मुलं टी कमांडने फाइलमध्ये घेतात आणि पहिल्या चुकीपासून वाचतात. टर्मिनल बनवणाऱ्यांना एवढीच विनंती, की 1,000 हा आकडा आता वाढवा. नवशिकी मुलं तो बदलायला जाणार नाहीत.