चार दिवसांचा मासा

रत्नागिरीच्या माणसाला मासा ताजा आहे की नाही हे दुसऱ्याने सांगावं लागत नाही. मिरकरवाडा बंदरावर गिऱ्हाईक आधी कल्ला उचलून बघतं. लालभडक असला तर पुढचं बोलणं. तपकिरी पडला असेल तर भाव विचारायचंही कारण नाही. मग डोळा. तो फुगीर, काळाभोर हवा. दुधाळ होऊन आत गेलेला नको. शेवटी पोटावर बोट दाबायचं, आणि खड्डा राहिला की पाटी ओलांडून चालू लागायचं. या लेखातली ती याच तालमीत वाढली. तिची आई कोळणीला ‘सकाळची गो, की कालची?’ असं विचारायची खरी, पण विश्वास ठेवायची तो स्वतःच्या बोटावर.

अशा घरात ‘कच्चा मासा’ हे शब्द उच्चारले असते तर पोर आजारी आहे असं वाटलं असतं. बांगड्याला तिरफळ, सुरमईला कोकम आणि सगळ्याला चूल, यात वाद नव्हता. मात्र याच घरात जून-जुलैत, बोटी बंद झाल्या की, खारवलेले बांगडे आणि सुके बोंबील माळ्यावरून खाली यायचे आणि पेजेबरोबर चवीने खाल्ले जायचे. ताजं ते खरं, असं मानणारा कोकणी माणूस वर्षातले दोन महिने मिठात मुरलेला मासा खातो, ही विसंगती तेव्हा कुणाला दिसत नव्हती.

सुशी तिला पहिल्यांदा भेटली ती पुण्यात, जपानीच्या वर्गात, पुस्तकातल्या चित्रात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकणाऱ्या मुलांना सुशीची इत्थंभूत माहिती असे, फक्त चव माहीत नसे. मुंबईत ताजमहाल हॉटेलात ‘वसाबी बाय मोरिमोतो’ 2004 साली सुरू झालं होतं, पण तिथल्या एका जेवणात विद्यार्थ्याचा महिना निघाला असता. मग कुणाच्या तरी खोलीवर इंद्रायणी तांदळाचा भात शिजवून, त्यात व्हिनेगर-साखर-मीठ कालवून, समुद्री शेवाळाच्या कागदात काकडी-गाजर गुंडाळायचा कार्यक्रम होई. इंद्रायणीचा चिकटपणा कामी आला. सुवासाने मात्र घोळ केला. सुशीच्या भाताला स्वतःचा वास मिरवायची परवानगी नसते आणि मावळातला तांदूळ गप्प बसणाऱ्यांतला नाही.

नोकरी लागली ती तोक्योत आणि घर मिळालं निशी-कासाईत. संगणकाच्या नोकऱ्यांवर गेलेल्या भारतीयांची तिथे मोठी वस्ती आहे; डाळ, कढीपत्ता, गणपती, सगळं मिळतं. पहिली खरी सुशी तिने खाल्ली ती सरकत्या पट्ट्यावरची. ही शक्कल योशिआकी शिराइशी या हॉटेलवाल्याची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याने 1958 साली हिगाशी-ओसाकात असं पहिलं दुकान काढलं. कमी माणसांत जास्त गिऱ्हाइकं जेवू घालायची, एवढाच हिशेब. पण त्यामुळे भीडभाड असलेल्या परक्यांची सोय झाली. कुणाला काही विचारायचं नाही, समोरून आलेली बशी उचलायची, उठताना बशा मोजून पैसे द्यायचे. पुढे तिला आणखी एक सोय सापडली. रात्री सुपरमार्केट बंद व्हायच्या आधी सुशीच्या डब्यांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवली जाते. त्या चिठ्ठीची वाट पाहत फळफळावळीपाशी उगाच रेंगाळणाऱ्यांत परदेशी इंजिनिअर असतात, तसेच कोट-टायमधले जपानी काकाही असतात.

त्या दोन्ही ठिकाणी तिची परीक्षा कोकणातलीच होती: मासा चमकतोय का, वास मारतोय का. भाताकडे तिचं लक्षच नव्हतं.

ते वळवलं एका जुन्या दुकानाने. घराजवळच्या गल्लीत, लाकडी फळीसमोर मोजक्या खुर्च्या, भिंतीवर माशांच्या नावांच्या पाट्या आणि किंमत कुठेच नाही. सुशी करणाऱ्या मालकाला जपानी गिऱ्हाईक ‘ताइशो’ म्हणतं. तीही म्हणू लागली. एकदा तिने आईच्या सुरात विचारलं, ‘ताइशो, हा हिरामे आजचा का?’ तो चपटा पांढरा मासा त्याने नुकताच केल्पच्या, म्हणजे जाड समुद्री शेवाळाच्या, दोन पट्ट्यांमधून सोडवला होता. म्हातारा चाकू पुसत म्हणाला, ‘छे, चार दिवसांचा.’ आवाजात ओशाळेपणा नव्हता, उलट जरा तोराच होता. आजचा मासा दाताला नुसता रबरी लागतो, चव यायला त्याला वेळ द्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. मिरकरवाड्यावर असं बोलणाऱ्याची पाटी दिवसभर भरलेलीच राहिली असती.

पण म्हाताऱ्याच्या बाजूला इतिहास उभा आहे. सुशीचा जन्मच मुळी मासा टिकवण्यातून झाला. बिवा सरोवराच्या काठी अजूनही ‘फुनाझुशी’ करतात: गोड्या पाण्यातला मासा मिठात मुरवायचा, मग भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचा. पूर्वी खायचा तो मासाच. आंबून लगदा झालेला भात टाकून द्यायचे. व्हिनेगर लावलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवायची तोक्योची रीत तुलनेने कालची. तिचं श्रेय 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, धंदा करणाऱ्या हानाया योहेई या माणसाला देतात. त्याच्याकडे बर्फाची पेटी नव्हती. म्हणून त्या काळच्या गाड्यांवर ट्यूना सोयासॉसमध्ये बुडवलेला असे, कोळंबी उकडलेली, आनागो नावाची समुद्री वाम शिजवलेली आणि कोहादासारखा छोटा चकचकीत मासा आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. आज ज्याला लोक ‘अस्सल’ समजतात तो नुसता कच्चा, कोरा, थंडगार तुकडा फ्रिजच्या युगाची देणगी आहे.

बाजारातही तिने तेच पाहिलं. त्सुकिजीचा घाऊक बाजार 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसूला हलला, त्याआधी ती एका पहाटे तिथे गेली होती. दहिवराने पांढरे पडलेले, लाकडी ओंडके वाटावेत असे ट्यूना फरशीवर ओळीने पडलेले. हे दूरच्या समुद्रांत पकडून बोटीवरच उणे 60 अंशांच्या आसपास गोठवलेले मासे. शेपटीकडे एक काप दिलेला. व्यापारी वाकून त्या कापावर बॅटरी मारतात, मांसाचा कण चिमटीत घेऊन चोळतात, बोटाला लागलेल्या चरबीचा अंदाज घेतात आणि एक शब्द न बोलता पुढच्या माशाकडे जातात. इथेही विश्वास बोटावरच. पण बोट शोधत होतं चरबी आणि पोत, तारीख नव्हे.

गोठवण्याचा अनेकांना तिटकारा असतो, तो अनाठायी आहे. सागरी माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. व्हिनेगरने तो मरत नाही, लिंबाने नाही, वसाबीने तर नाहीच. तो मरतो शिजवल्यावर किंवा पुरेसं गोठवल्यावर. म्हणून अमेरिकेच्या अन्न प्रशासनाच्या मार्गदर्शनात कच्च्या खायच्या बहुतेक माशांसाठी उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांला गोठवून त्याच तापमानात 15 तास, असा दंडक आहे. याच कृमीपायी जपानी लोक पूर्वी सामन कच्चा खात नसत. 1980 च्या दशकाच्या मध्याला नॉर्वेवाल्यांनी, खाद्य घालून वाढवलेला आमचा सामन निर्धोक आहे, हे पटवायची मोहीम हाती घेतली. आज जपानी पोरंसोरं सुशीत आधी सामन मागतात. परंपरा म्हणून आपण ज्याच्या पाया पडतो ती कधी कधी एखाद्या निर्यात खात्याची फाइल असते.

निशी-कासाईच्या त्या फळीसमोर बसून ती भात बघायला शिकली. शिजलेला भात ताइशो लाकडी परातीत ओतायचा, वर व्हिनेगरचं मिश्रण शिंपडायचा आणि उलथन्याने तो ढवळण्याऐवजी कापत जायचा, म्हणजे शीत मोडत नाही. दुसऱ्या हाताने पंखा. असा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच वळायचा. हातात उचलला तर सुटू नये आणि जिभेवर ठेवला तर शीत न्‌ शीत वेगळं व्हावं, एवढाच दाब. मासा लाखमोलाचा असला आणि भात फ्रिजमधून काढलेला असला तर सगळं मुसळ केरात, कारण थंडीत भातातली पिष्टं घट्ट होतात आणि दाताखाली कचकच येते.

काही वर्षांनी ती पुण्याला परतली. तोवर चाकण-तळेगाव पट्ट्यात जपानी कंपन्या स्थिरावल्या होत्या, आणि कोरेगाव पार्कपासून बाणेरपर्यंत ‘एशियन’ म्हणवणाऱ्या बहुतेक हॉटेलांच्या मेनूकार्डात सुशीचं एक पान आलं होतं. त्या पानाची तिला आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला. तळलेली कोळंबी, वर मेयोनीज, त्यावर तिखट मेयोनीज, त्यावर कुरकुरीत काहीतरी. खाली भात थंड आणि साखरट. दर मात्र चढे.

कॅलिफोर्निया रोलची एक गोष्ट मात्र तिच्या वर्मी लागली. त्यातला ‘खेकडा’ बहुधा खेकडा नसतोच. पांढऱ्या माशाचा खिमा पाण्याने धूत धूत नुसतं प्रथिन उरवायचं, ते गोठवायचं, पुढे खेकड्याची चव नि लाल रंग देऊन कांड्या पाडायच्या. कच्च्या मालाला सुरिमी म्हणतात आणि आपल्याकडे त्यासाठी लागतो तो राणी मासा, ज्याला घरच्या ताटात पापलेट-सुरमईसारखा मान कधीच नव्हता. रत्नागिरीची गद्रे मरीन ही 1978 ची कंपनी सुरिमीच्या धंद्यात जगभर नाव राखून आहे. पुण्यातल्या सुपरमार्केटात तिने क्रॅब स्टिकचं पाकीट उलटून पाहिलं तर पत्ता माहेरचा.

शाकाहारी पानावर अॅव्होकाडो, अॅस्परॅगस आणि चीज. याला नाक मुरडणारे शुद्धतावादी पुष्कळ भेटतात, पण शाकाहारी सुशी हा काही भारताने लावलेला शोध नाही. एदोच्या जुन्या सुशीत ‘कानप्यो’ असतो: दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या सोलून वाळवायच्या, मग सोयासॉस-साखरेत शिजवून भातात गुंडाळायच्या. तोचिगी प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुधीची खीर, दुधीचा हलवा, दुधीची कोफ्ता करी खाणाऱ्या पुण्यात दुधीची सुशी करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि परदेशी चीज मात्र येतं! (कडक शाकाहारींनी एवढं विचारावं की, शिजवताना माशाचा अर्क घातला होता का. जपानात बहुधा घालतात.)

पुण्याने आणखी एक गोष्ट हातची घालवली आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून झालं आणि तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलं गेलं. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने वसवली, ती 1700 साली पुरी झाली. त्याचा बाप मित्सुमासा काटकसरीचा. जेवणात एक सार आणि एकच तोंडीलावणं, असं त्याने फर्मान काढलं. रयत वस्ताद. लोकांनी मासे-भाज्या भातातच दडवून ‘हे एकच पान’ म्हणायला सुरुवात केली. ओकायामाची ‘बाराझुशी’ अशी जन्मली, असं तिथे सांगतात. त्यात कमळकाकडी, शिताके अळंबी, अंड्याच्या बारीक पट्ट्या, कोळंबी आणि व्हिनेगर लावलेला सावारा असतो. सावारा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीसमूहातला. बाग आपण हौसेने आणली, ताट राहिलं.

ती घरी बाराझुशी करते. सुरमई कच्ची ठेवत नाही. वाफवून, व्हिनेगर शिंपडून भातात मिसळते. आईने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मासा बोटाने दाबून पाहिला आणि ‘भात गोड का?’ एवढंच विचारलं. दुसऱ्यांदा वाढून मात्र घेतलं.

बाहेर खायची तर समुद्रापासून दूर असलेल्या शहरात शोधायची रीत तिने ठरवून टाकली आहे. ‘आज ताजं काय आहे?’ हे विचारायचं नाही. सगळीकडे एकच उत्तर मिळतं. मासा कुठून येतो, कोणत्या वारी येतो आणि गोठवलेला होता का, हे विचारायचं. वेटरला माहीत नसेल तर चालेल, पण त्याने आत जाऊन विचारून यायला हवं. मग रोलच्या पानाला हात न लावता दोनच गोष्टी मागवायच्या: अंड्याची तामागो आणि उकडलेल्या कोळंबीची निगिरी. दोन्हींत कच्चं काही नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. भात आणि हात तेवढे कळतात. भात कोमट असेल, उचलताना सुटला नाही आणि तोंडात सुटला, तर खुशाल सामन मागवा, ट्यूना मागवा. थंडगार गोळा आला तर बिल मागवा आणि वाटेत कुठेतरी सुरमई थाळी खाऊन घरी जा.