राहतं घर

मराठीत कराला पट्टी म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, पेशवाईत म्हैसपट्टीसुद्धा होती. घरपट्टी तेव्हाही घेतली जाई, आणि ब्राह्मण व गावचे वतनदार यांना ती माफ असे. राज्य कोणाला जवळचं मानतं, ते माफीच्या यादीवरून कळतं. आज मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. राज्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना आहे. पुण्यात जुनी सवलत आहे ती स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना.

ही सवलत १९७० पासूनची. हिशेब तसा सोपा आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, याचा महापालिका एक अंदाज धरते. देखभालीपोटी त्यातून काही भाग वजा होतो आणि उरतं ते वार्षिक करपात्र मूल्य. मालक स्वतः राहत असेल तर त्यातून ४० टक्के आणखी कमी होतात. म्हणजे ३०,००० रुपयांऐवजी १८,००० रुपयांवर कर. मग त्या आकड्यावर सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशा ओळी एकाखाली एक येतात. २०१९ मध्ये सवलत बंद झाली, २०२३ मध्ये परत आली, आणि तिच्यासोबत पीटी-३ नावाचा अर्ज आला.

आईने तो भरला. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, सगळं जोडलं. एकतीस वर्षं त्या घरात काढलेली बाई फोनवर मला म्हणाली, "मी इथे राहते, हे आता कागदावर आलं बाई." पुढच्या वर्षी ती गेली.

यंदाचं बिल तिच्याच नावाने आलं, सवलतीसह. घर बंद आहे. मी बंगळुरूला, धाकटा भाऊ नागपूरला. वारस म्हणून आमची नावं लावायची तर मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र असे कागद लागतात. ती नोंद झाली तरी मालकी सिद्ध होत नाही. कराच्या वहीतलं नाव हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे, असं न्यायालयं वारंवार सांगत आली आहेत. पण नावं लावताना घराचा वापर काय, हे सांगणं आलंच.

भाऊ म्हणाला, "ताई, आपण भाडं घेत नाही. मग स्वतःचा वापरच झाला की! आणि बंद घर पाणी वापरत नाही, कचरा करत नाही. त्याला जास्त पट्टी कशाला?"

मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण बंगळुरूत मी दर एप्रिलला स्वतःच्या फ्लॅटचा कर स्वतःच हिशेब करून भरते. तिथे तशीच पद्धत आहे. अर्जात विचारतात, मालक राहतो की भाडेकरू? भाडेकरूच्या घराचा दर मालकाच्या दुप्पट. मी दरवर्षी 'मालक राहतो' असं लिहिते आणि ते खरं असतं. मग त्याच वर्षी पुण्यातही 'मी इथे राहते' असं कसं लिहू? भाडं न घेणं म्हणजे राहणं नव्हे. समोरचा रस्ता, दिवे, अग्निशमनाची गाडी, हे सगळं त्या बंद दारासाठीही आहेच.

फरक वर्षाला सहाएक हजारांचा. दोघांत वाटला तर दोघांनाही जड नाही. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पैशाचं नाही गं. आईच्या घरात कोणी राहत नाही, असं आपल्या हाताने लिहून द्यायचं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

बिल मी आलं तसं भरून टाकलं, कारण थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. नावं लावण्याचा अर्ज तयार आहे. सोबतच्या पत्रात घर बंद असल्याचं एका ओळीत लिहिलं आहे. माझी सही झाली. भावाची यायची आहे.