सुषमाचा वाटा

अण्णा नाईक वारले आणि मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'झी मराठी'वर 'रात्रीस खेळ चाले' आली, तेव्हा आमच्या सिंधुदुर्गात आधी राग उसळला. कोकण म्हणजे काय नुसती भुतंखेतं? अंधश्रद्धा पसरेल, जिल्ह्याची बदनामी होईल, असं बोललं जाऊ लागलं. पुढे रागावलेली माणसंही रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसू लागली, आणि सावंतवाडीजवळ आकेरीतला तो वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्या वळू लागल्या. मालिकेतल्या विसराळू पांडूचं 'इसारलंय' तर साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. माझ्या आईची भाषा तिकडे नागपूरच्या घरातही ऐकू जाते, याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. अजूनही होतो.

आई मालिका कधी मुकाट्याने बघायची नाही. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि गोष्ट मागे गेली. अण्णा जिवंत, शेवंता त्यांच्या आयुष्यात येते आहे. माधव अभ्यंकरांचे अण्णा बघताना आई पदर तोंडाला लावायची. असा माणूस तिने पाहिला होता. मधे करोनाने चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते पर्व संपलं. २०२१ मध्ये तिसरं पर्व पुढच्या काळात गेलं आणि अण्णांचा मुलगा अभिराम बायकोला, कावेरीला, घेऊन घरी आला. आईने लगेच विचारलं, "मगे त्या देविकेचा काय झाला?" पहिल्या पर्वात त्याचं लग्न देविकाशी ठरलं होतं. पुढे शेवंताचं काम करणारी नटीही बदलली. त्याचं आईला काही वाटलं नाही. तिला माणसांचं पुढे काय झालं ते हवं होतं, आणि तिचे प्रश्न साठत चालले होते.

ही सवय तिला माझ्या आजीकडून आली. आमचं घर मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठी. पावसाळ्यात वीज गेली की आजी पडवीत बसून गोष्टी सांगायची. खाडीपलीकडे दिवा चालत जातो, तो कुणाचा? भर दुपारी माडाखाली उभी असते ती कोण? याचा खुलासा तिने कधीच केला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ता काय व्हता, ता इचारूचा नाय. ती बाई मगे खय गेली, ता सांगतंय, ऐक." आणि मग सगळं सांगायची. बाई माहेरी गेली, भावाने ठेवून घेतली नाही, अमक्या घरी भात कांडायला राहिली, तिचा मुलगा कुणी शाळेत घातला. भूत तिथेच राहायचं. माणसाचा हिशोब मात्र शेवटपर्यंत लागायचा.

दशावतारातही हेच. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज एवढ्यावर रात्र उभी राहायची. आधी संकासुर येऊन मरायचा, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तरी रंगात आलेला एखादा राक्षस किंवा टाकलेली राणी विसरून पहाटे कुणी पडदा पाडला, असं मी पाहिलेलं नाही. उजाडायला आलं की नट घाई करायचे, दोन प्रवेश एकात घालायचे, पण राणीला न्याय मिळाल्याशिवाय खेळ संपायचा नाही. म्हणून रोजच्या मालिकेला लिहायला वेळ पुरत नाही ही सबब मला पटत नाही. वेळ दशावतारी नटालाही नसतो.

पहिलं पर्व शेवटाकडे पोलीस तपासाकडे वळलं आणि गूढामागे माणसांचे हात आहेत असं दाखवू लागलं. भुताचा खुलासा मी मागितलाच नव्हता. मला ओढ लावली होती ती पहिल्याच आठवड्यांतल्या गोष्टीने: बाप गेला आहे, मुंबईचा मुलगा आणि गावचा मुलगा एका छपराखाली आले आहेत, आणि सगळ्यांच्या मनात इस्टेट आहे. कोकणातल्या कुठल्याही सामायिक घराची ही गोष्ट आहे. त्यात अण्णांना शेवंतापासून झालेली मुलगी सुषमा. तिचा वाटा काय? तीन पर्वांत अण्णा मेले, जगले, भूत होऊन फिरले, पण हा प्रश्न कुणी धसाला लावला नाही. मला ते लागलं, कारण आमच्या वाडीतही एक सुषमा होती. तिच्या जागी मुलगा होता, एवढाच फरक.

त्याची आई वाडीच्या टोकाला मातीच्या घरात राहायची. एका खोताच्या घरच्या माणसाने तिला ठेवली होती असं गाव म्हणायचं. आजीच्या मते देवळात हार घातले गेले होते, पहिली बायको हयात असताना. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. चतुर्थीला आजी तिच्याकडे करंज्यांचं ताट माझ्या हाती द्यायची, वर केळीचं पान झाकून. ती पान उचलायची, करंज्या सुपात काढायची आणि ताट रिकामं जाऊ नये म्हणून त्यात दोन कोकम सोलं टाकायची. पण त्या माणसाच्या तेराव्याला ती घराबाहेर, मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि मुलगा तिच्याहून मागे.

१ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कायद्याने रद्द ठरणाऱ्या लग्नातून झालेल्या मुलांनाही आईबापांच्या मालमत्तेत, एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही, हक्क आहे. हिंदू विवाह कायद्याचं सोळावं कलम जुनंच, पण वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल न्यायालयांत मतभेद होते. निकालाची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो मुलगा आठवला. त्याने तोवर मुंबईत नोकरी करून पन्नाशी ओलांडली होती. देवळातल्या हारांना साक्षीदार कोण उरलाय, हे मात्र कुठलाही निकाल सांगू शकत नाही.

चौथं पर्व कधी लिहिलं गेलंच, तर ते सुषमाने तलाठी कार्यालयात फेरफाराची नक्कल मागण्यापासून सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे रात्र लागत नाही, भूतही लागत नाही. भीती मात्र तेवढीच असते. कागदावर आपलं नाव नाही हे माहीत असून खिडकीत हात घालायचा असतो.

आमच्या वाडीतलं ते मातीचं घर आता पडलं. खोताच्या घरच्या त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून मेलेल्या माणसाचंच नाव आहे. वारसनोंद करायला घरची मंडळी दर चतुर्थीला एकत्र बसतात, अर्ज पुढ्यात घेतात, आणि मुलगे किती लिहायचे या रकान्याशी येऊन उठतात.