पुरुष माणसाला भेट काय द्यावी?

आपल्या कष्टकरी घरांत वडील, सासरे किंवा थोरले दीर यांच्यासाठी भेट निवडणे मोठे अवघड. बाईमाणसाला पातळ घेतले की ती हौसेने नेसते. पुरुषाला विचारा, तो म्हणणार, "मला काय करायचे? पोरांना घ्या." मग आपण शर्टपीस नाहीतर टॉवेल-टोपी आणतो. आमच्या धानोऱ्यातल्या पेट्या उघडल्या, तर न शिवलेले शर्टपीस हमखास सापडतील.

"मला काही नको" म्हणणाऱ्याला खरोखर काही नको असते, असे नाही. आधी घराचे, मग आपले, अशी त्याला जन्मभराची सवय लागलेली असते. म्हणून तो काय मागतो यापेक्षा काय करतो, हे पाहावे.

कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी हेच केले. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी वाचत बसलेला त्यांना दिसे. तो भीमराव परीक्षा पास झाला, त्याचा सत्कार झाला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. वाचणाऱ्या मुलाला पुस्तक, इतकी साधी निवड! पुढे आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी त्या भेटीची आठवण लिहून ठेवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ला आपल्या चंद्रपूरला झालेल्या धम्मदीक्षेच्या वाटेवर ते पुस्तक होते.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, रस्त्याच्या कामावरचे मजूर. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ते खणखणीत आवाजात वाचीत. एका वर्षी मात्र मागच्या रांगेत बसू लागले. "घसा बसला," म्हणत. घरी ते पेपर हात लांब करून धरतात आणि तसाच ठेवून देतात, हे माझ्या धाकट्या जावेने हेरले. तिने त्यांना गडचिरोलीला नेले, डोळे तपासून चष्मा करून दिला. "कशाला खर्च केला?" म्हणून ते रागावले. पण पुढच्या पौर्णिमेला पुढे येऊन त्यांनीच ग्रंथ उघडला. जावेच्या डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा भगिनींनो, "काय पाहिजे?" असे विचारू नका. त्यांचे काय अडते, ते आठ दिवस पाहा. रात्री धानाच्या राखणीला जाणाऱ्याला चांगला टॉर्च द्या, सायकलने कामावर जाणाऱ्याला नवा टायर द्या. अशा भेटीसाठी उसनवारी करावी लागत नाही आणि ती पेटीत पडूनही राहत नाही.