नाण्यांची वाटणी

आमच्या घरातला नाण्यांचा संग्रह फुटता कामा नये, असं मी वर्षानुवर्षं ठासून म्हणत आले. पणजोबांनी वाईच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून बाजूला काढलेल्या शिवराया, आजोबांनी जमवलेले चांदीचे रुपये, अप्पांनी त्यात घातलेली चिल्लर. हे सगळं एकाच्याच हाती राहावं आणि त्याने ते जसंच्या तसं पुढे द्यावं, हे माझं मत. भावांनी विषय काढला की मी तो तिथेच संपवत असे. यंदा मीच तो संग्रह तिघांत वाटून दिला.

मत फिरलं ते भाचीमुळे. तिने लॉकरमधली शिवरायांची पुरचुंडी मागून घेतली आणि भिंग घेऊन त्या तांब्यात डोकं घालून बसली. मला त्या सगळ्या सारख्याच वाटायच्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तिने त्यांचे ढीग लावले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे दीर्घ. काहींवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा. “आत्या, ही दुदांडी. पेशवाईतली,” ती म्हणाली. महाराजांच्या मागे शंभराहून अधिक वर्षं त्यांच्याच नावाने पैसा पाडला जात होता, हे मी वाचलेलं होतं. पण आमच्याच पुरचुंडीत ते पडून आहे, हे अप्पांनंतर कुणी पाहिलंच नव्हतं. अखंड ठेवायचा म्हणून आम्ही तो संग्रह कुलपात ठेवला होता.

शिवराया तिच्याकडे गेल्या. रुपये इतिहास शिकवणाऱ्या भाच्याला दिले. त्यात १९११ चा ‘डुकराचा रुपया’ आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारला ठसा बदलावा लागला. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आली, १९४७ ला तर रुपया निकेलचा झाला. महायुद्ध सरकारला केवढ्याला पडलं, ते वर्गातल्या मुलांना तो आता हातात देऊन दाखवतो. १९४३ नंतरचे भोकाचे पैसे आणि १९५७ चे नवे पैसे नातवाला दिले, कारण रुपयाचे पैसे आधी चौसष्ट होते, हे ऐकून तो दिवसभर माझ्या मागे लागला होता.

सराफाच्या काट्यावर ही वाटणी समान नाही. दोघांनी तसं बोलून दाखवलं. मला ती न्याय्य वाटते, कारण ज्याने विचारलं त्याला मिळालं.

अप्पांच्या वहीच्या मात्र तीन प्रती काढल्या. कुठलं नाणं कुणाकडून, कुठल्या गावात मिळालं, हे त्यात आहे. ती वही नसती, तर उरलं असतं ते तांबं आणि चांदी.

तुमच्या घरी अशी पुरचुंडी असेल तर लक्ष्मीपूजनाला ती चिंचेने घासू नका. नाण्याचा मूळ रंग गेला की परत येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटांत ठेवा. आणि घरातलं वडीलधारं माणूस सांगण्याच्या स्थितीत आहे तोवर, या दिवाळीतच, त्याच्याजवळ बसून प्रत्येक पाकिटावर लिहून घ्या.