जाड्या आणि बारक्या

आमचे घर मंगरूळपीर तालुक्यात, गावाच्या कडेला. अंगणात कडुनिंब आहे. मे महिन्याच्या दुपारी त्यावर किडे असे ओरडतात, की घरात बोललेले ऐकू येत नाही. आम्ही त्यांना सरसकट रातकिडे म्हणत आलो. आई मात्र म्हणायची, "ते एक नाही बापा, दोन हायेत. एक जाड्या, एक बारक्या." जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केलेली, अक्षरओळख नसलेली बाई. आम्ही बी.कॉम. झालेले. किडा तो किडा, म्हणून हसून सोडून द्यायचो.

गेल्या मे महिन्यात आई म्हणाली, "यंदा बारक्या आलाच नाही." आमची नववीतली मुलगी झाडाखाली जाऊन आली. म्हणाली, "आजी, दोघंही ओरडून राहिले ना!"

"जाड्या येते ऐकू. बारक्या कुठी हाये?"

आम्ही दोघींच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. बारक्या झाडावर होता. आईच्या कानातून गेला होता. डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "वयानुसार बारीक, चढे आवाज आधी जातात. कर्णयंत्र लावा."

मग मुलीच्या हट्टाने आम्ही या किड्याविषयी वाचले. याचे नाव सिकाडा. रातकिडा निराळा, तो पंखावर पंख घासून आवाज काढतो. सिकाडा नराच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पडदे असतात. स्नायूंच्या ओढीने ते भराभर आतबाहेर होतात आणि पोकळ पोटामुळे आवाज मोठा होतो. मादी आपल्या जातीचा नर त्याच्या आवाजावरून ओळखते. म्हणूनच दिसायला जुळ्या भावांसारख्या असलेल्या जाती आवाजावरून निवडता येतात. अमेरिकेत तेरा वर्षांनी जमिनीतून निघणाऱ्या सिकाडांत मार्शल आणि कूली या संशोधकांनी २००० साली एक नवी जात दाखवून दिली. तिची मुख्य खूण आवाजाची पट्टी हीच होती. आपल्या दक्षिण भारतातला एक सिकाडा तर कित्येक वर्षे मलेशियातल्या जातीचाच समजला जात होता. २०२३ साली तो वेगळा ठरला आणि मल्याळम भाषेतल्या नावावरून त्याला 'पुराना चीवीडा' हे नाव मिळाले.

हे वाचताना आम्हाला आमचीच लाज वाटली. संशोधकांनी ज्या खुणेवर भर दिला, तीच खूण आमच्या आईने धुऱ्यावर काम करता करता धरली होती. तिने फरक ऐकला होता. आम्ही ऐकण्याचे कष्टच घेतले नव्हते. "सगळे सारखेच" असे म्हणणाऱ्याने आधी आपले कान तपासावेत.

वाचकांना एवढीच विनंती, की घरातले म्हातारे माणूस "यंदा पाखरं बोलत नाहीत" म्हणाले तर हसू नका. त्यांचे कान तपासून घ्या. आणि त्यांना जे ठाऊक आहे, ते वेळेत लिहून ठेवा.

मुलीने वही केली आहे. पहिल्या पानावर दोनच नावे आहेत: जाड्या, बारक्या. आईला कर्णयंत्र मिळाले आहे. बारक्या तिला पुन्हा भेटतो का, ते येत्या मे महिन्यात कळेल.