कच्च्या घागरी, पक्के मणी

शिर्डीहून परत येताना तुमच्या बॅगेत काय असतं? उदीची पुडी, पेढे, बाबांचा एखादा फोटो आणि ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी डझनभर लॉकेटं. बरोबर ना? मीही दर वेळी हेच आणायचे. या खेपेला मात्र दुकानदाराला सहज विचारलं, 'हे सगळं इथंच बनतं का हो?' तो हसला. 'इथं फक्त विकतो, ताई. माल बाहेरून येतो.'

हा प्रश्न पडायचं कारण माझ्याच कानात लटकत होतं. सहा महिन्यांपासून दर रविवारी मी पुण्यात सिरॅमिक ज्वेलरी शिकतेय. माती मळा, आतली हवा काढा, मणी वळा, सुईनं भोक पाडा, सावलीत वाळवा. मग भट्टी, तीही दोनदा. आधी साधी भाजणी, नंतर ग्लेझ लावून दुसरी. मणी आतून ओला राहिला तर पाण्याची वाफ होते आणि तो भट्टीतच फुटतो. माझा पहिला अख्खा हार असाच गेला!

क्लासमध्येच 'काझुरी'बद्दल कळलं. १९७५ मध्ये केनियात, नैरोबीला सुझन वुड यांनी दोन एकट्या आयांना हाताशी घेऊन मातीचे मणी करायला सुरुवात केली. स्वाहिलीत काझुरी म्हणजे छोटं आणि सुंदर. पुढे तिथं काम करणाऱ्या बायका तीनशेच्या वर गेल्या. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता, की आपल्याकडे हे कुठं जमेल?

शिर्डीत मातीची काही कमी नाही, गोष्टींतही आणि जमिनीतही. याच अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी निघाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची! आणि द्वारकामाईत शिरलात की धुनीशेजारी बाबांचा कोळंबा आठवतो. भिक्षा मागून आणलेलं अन्न बाबा त्या मातीच्या भांड्यात ठेवत, कुत्री-मांजरंही त्यातूनच खात. तेल मिळालं नाही म्हणून पाण्यावर पेटवलेल्या पणत्याही मातीच्याच.

पण मला सगळ्यात आवडते ती घागरींची गोष्ट. 'श्रीसाईसच्चरिता'त ती आहे. बाबांनी स्वतः एक बाग फुलवली होती. वामन तात्या त्यांना रोज दोन कच्च्या घागरी आणून द्यायचे. बाबा त्या खांद्यावर घेऊन झाडांना पाणी घालत आणि संध्याकाळी निंबाखाली ठेवून देत. न भाजलेल्या घागरी त्या, लगेच फुटायच्या. दुसऱ्या दिवशी दोन नव्या. असं तीन वर्षं चाललं. आज समाधी मंदिर आहे ते त्या बागेच्या जागेवर.

दर्शन करून बाहेर आले, तर फुलं विकणाऱ्या एका मावशींची नजर माझ्या कानांवर.
'मातीचं हाय का हे?'
'हो मावशी. मीच केलंय.'
'पडलं तर फुटंल की.' मग त्यांनी हात पुढं करून नखानं टिचकी मारली, माठ घेताना मारतो तशी. 'भाजलंय चांगलं. कितीला जातं?'
पुण्यात अडीचशेला, म्हटल्यावर त्यांनी टोपलीकडं बघितलं. संध्याकाळपर्यंत खपली नाहीत तर ती फुलं वाया. 'मला शिकवता का, ताई?'

खरं सांगू? मला आधी सुचलं ते टिपिकल आमच्या पिढीचं. एक वर्कशॉप घेऊ, दहा बायका बसवू, मस्तपैकी फोटो काढू! पण मणी वळणं एका दिवसात येतं. भट्टी एका दिवसात येत नाही. फूटतूट कुणाच्या खिशातून जाणार, माल कुठं मांडणार, पुढच्या महिन्यात मागणी कोण आणणार? याचं उत्तर नसेल तर आपलं वर्कशॉप म्हणजे कच्ची घागरच. बाबांना रोज नवी आणून देणारे वामन तात्या होते. आपण एकदाच जातो आणि परत येतो.

शिर्डीकडे एक गोष्ट मात्र तयार आहे, जिच्यासाठी बचत गट प्रदर्शनांच्या वाऱ्या करतात. ती म्हणजे गिऱ्हाईक. रोज हजारोंनी येतं आणि आठवण म्हणून काहीतरी घेऊनच जातं. अडलंय ते फक्त भट्टीशी.

म्हणून पुढच्या खेपेला पिशवीतून माती नेली. मावशी आणि त्यांच्या सुनेनं चाळीस मणी वळले. ते वाळल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीनं पुण्याला आणले. सात प्रवासात मोडले, तीन भट्टीत फुटले. उरलेल्या तिसांच्या पाच माळा झाल्या. मावशींनी त्या फुलांशेजारी टांगल्या, शंभराला एक. भट्टीचं भाडं धरलं तर अजून तोटाच आहे.

परवा फोन केला. दोन खपल्या होत्या. मी 'अरे वा' म्हणायच्या आत मावशी म्हणाल्या, 'मणी लई मोठं झालं, ताई. पुढच्या टायमाला जरा बारीक करू.'

कसं जाल?
मुंबईहून फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, उतरायचं साईनगर शिर्डीला. विमानतळ काकडीला, २०१७ पासून. पुण्याहून एसटी बेस्ट. गर्दी टाळायची असेल तर गुरुवार आणि वीकएन्ड सोडून जा. द्वारकामाईत निवांत बसा, दीक्षित वाड्यातल्या बाबांच्या वस्तू बघा. येताना राहात्याचे पेरू घ्यायला विसरू नका. आणि काहीही घेताना एकदा विचारा, 'हे इथं बनतं का?'